डेटाबेस तुमच्याकडे आला? नाशिकच्या नव्या ॲडमिनसाठी कामाचा क्रम

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदारांकडे, पतसंस्थांत, दवाखान्यांत डेटाबेस असतोच. तो सांभाळायला वेगळा माणूस मात्र बहुधा नसतो. मग नेटवर्क बघणाऱ्या किंवा रिपोर्ट बनवणाऱ्या एखाद्याला मालक सांगतात, "आजपासून सर्व्हरचं तूच बघ." हा लेख त्या माणसासाठी आहे. मीही याच वाटेने या कामात आलो, आणि तेव्हा कुणीतरी क्रम सांगायला हवा होता असं आजही वाटतं.

कॉलेजात नॉर्मलायझेशन आणि जॉइन शिकवतात. नोकरीतल्या पहिल्या आठवड्यात काय करायचं ते कुणी शिकवत नाही. नवा माणूस हमखास वेगाच्या मागे लागतो, कारण तक्रार वेगाचीच येते. माझं ठाम मत वेगळं आहे: गेलेला डेटा परत आणता येतो याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका. पुढचा सगळा क्रम त्यावरूनच ठरवला आहे. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची आहेत. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलचं वेगळेपण जिथे नडतं तिथे सांगितलं आहे.

१. आधी मोजदाद, मग काम

पहिले दोन-तीन दिवस फक्त बघा आणि लिहून काढा. वही चालेल, एक्सेल चालेल. पण यातली कोणतीही गोष्ट फक्त डोक्यात ठेवू नका:

- प्रत्येक सर्व्हरचं नाव, आयपी, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेसची नेमकी आवृत्ती आणि पोर्ट (पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, कुणी बदललं असेल तर तेही)
- डेटा फाइल, लॉग फाइल आणि बॅकअप कोणत्या डिस्कवर आहेत, डिस्क किती भरली आहे
- कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या युजरने जोडलं जातं
- सॉफ्टवेअर देणाऱ्याचा करार, लायसन्सचे कागद, सपोर्टचा फोन, करार संपण्याची तारीख
- ॲडमिनचे पासवर्ड कुणाकुणाकडे आहेत
- डेटाचा आजचा आकार, आणि महिन्याभराने पुन्हा घेतलेला आकार

शेवटचा आकडा क्षुल्लक वाटतो, पण तोच आधी उपयोगी पडतो. छोट्या कारखान्यांत बिलिंगचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालतं. ते फुकट आहे, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नवीन बिल सेव्ह होत नाही. शिवाय एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट नसतो, म्हणजे बॅकअपचं वेळापत्रक आतून लावता येत नाही. ते विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावं लागतं. "बॅकअप ऑटोमॅटिक आहे" असं कुणी सांगितलं तर टास्क शेड्युलर उघडून दाखवा म्हणावं.

आवृत्तीचं वयही बघा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर ती चालत राहते, पण सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत.

२. बॅकअप रिस्टोअर करून बघा

या पायरीला हवा तितका वेळ द्या. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका.

गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण प्रत्येक नव्या ॲडमिनने वाचावं. कंपनीने ते मोकळेपणाने सगळ्यांसमोर मांडलं, म्हणून त्यातून शिकता येतं. रात्रीच्या धावपळीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटा फोल्डर काढून टाकलं. सुमारे ३०० जीबी डेटा होता. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटा फाइलमध्ये उतरवून घेतलेली प्रत) तयारच होत नव्हता: डंप घेणारं टूल ९.२ आवृत्तीचं, सर्व्हर ९.६ चा. एरर रोज येत होती, पण ती कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) होता, त्यावर कंपनी वाचली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

तुमच्याकडे असं करा:

१) दुसऱ्या मशीनवर डेटाबेसची तीच मोठी आवृत्ती टाका. जुना डेस्कटॉप चालेल, डिस्क तेवढी पुरेशी हवी.
२) काल रात्रीची बॅकअप फाइल तिथे नेऊन रिस्टोअर करा आणि किती वेळ लागला ते लिहा.
३) मुख्य चार-पाच टेबलांतल्या रेकॉर्डची संख्या आणि शेवटच्या नोंदीची तारीख मूळ सर्व्हरशी ताडून पाहा.
४) सॉफ्टवेअरची एक प्रत या डेटाबेसला जोडा आणि अकाउंट्सच्या ताईंना त्यांना तोंडपाठ असलेलं एखादं खातं उघडायला सांगा. रेकॉर्डची संख्या जुळते पण बॅलन्स जुळत नाही, हे त्यांच्याच नजरेला येतं.
५) दर महिन्याला हेच पुन्हा करा.

पहिल्यांदा करताना काहीतरी अडतंच. कुठे अडतं ते सांगतो. पोस्टग्रेसचं पीजी डंप एका डेटाबेसचा डेटा घेतं, पण युजर आणि रोल घेत नाही. ते पीजी डंपऑलच्या 'ग्लोबल्स ओन्ली' पर्यायाने वेगळे घ्यावे लागतात, नाहीतर रिस्टोअरच्या वेळी "रोल अस्तित्वात नाही" अशा ओळींची रांग लागते. रिस्टोअर संपल्यावर 'ॲनालाइझ' चालवा, त्याने डेटाबेस टेबलांमधल्या डेटाचा अंदाज नव्याने घेतो. तो राहिला तर डेटा सगळा असूनही क्वेरी रखडतात आणि लोक रिस्टोअरलाच दोष देतात. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी टेबलांसाठी 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय द्या, म्हणजे चालू कामातही एकाच क्षणाचं चित्र मिळतं. स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट हवे असतील तर त्यांचे पर्याय वेगळे द्यावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस नव्या मशीनवर नेला की आतले युजर येतात, पण सर्व्हरचे लॉगिन येत नाहीत. दोन्ही पुन्हा जोडावे लागतात. त्यातली 'व्हेरिफाय ओन्ली' तपासणी फाइल वाचता येते एवढंच सांगते. आतला डेटा धड आहे का ते रिस्टोअर करून 'डीबीसीसी चेकडीबी' चालवल्यावरच कळतं.

आणखी तीन गैरसमज मला पुन्हा पुन्हा भेटतात. डेटाबेस चालू असताना डेटा फोल्डर कॉपी करणं हा बॅकअप नाही. त्या फाइल एकमेकींशी जुळतीलच असं नाही. रेड (एक डिस्क बिघडली तरी काम चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) लावलेल्या डिस्क हाही बॅकअप नाही. रेप्लिका, म्हणजे मूळ सर्व्हरचे बदल सतत उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर, तर मुळीच नाही, कारण चुकून चाललेला डिलीट क्षणात तिकडेही पोचतो.

यानंतर मालकांना दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: "किती वेळाचा डेटा गेला तर चालेल?" आणि "काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल?" रात्री एकला बॅकअप होत असेल आणि संध्याकाळी सहाला डिस्क गेली, तर सतरा तासांची बिलं हाताने पुन्हा टाकावी लागतील. हे असं सांगितलं की बहुतेक मालक लगेच ताठ बसतात. मग पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप (पूर्ण प्रत) आणि वॉल फाइलचं (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या लॉगचं) अर्काइव्ह, एसक्यूएल सर्व्हरमध्ये दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप, हा खर्च मंजूर होतो. एसक्यूएल सर्व्हरला 'फुल' रिकव्हरी मॉडेल ठेवून लॉग बॅकअप घेतलाच नाही, तर लॉग फाइल वाढत वाढत डिस्क खाऊन टाकते. हा प्रकार फार आढळतो.

३. एक प्रत इमारतीबाहेर, एक प्रत वायरीबाहेर

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजून पक्का आहे. नाशिककरांना 'दुसऱ्या जागी'चा अर्थ वेगळा समजावायला नको. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीवरून गेलं आणि सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं पाण्याखाली गेली. माल वर हलवायला माणसं असतात. टेबलाखालचा सर्व्हर आणि शेजारच्या खणातली बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही राहून जातात. दुकान पंचवटीत असेल तर प्रत नाशिकरोडला किंवा क्लाउडवर असू द्या, एन्क्रिप्ट करून. आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

वायरीबाहेर म्हणजे कायम जोडून न ठेवलेली. रॅन्समवेअर आलं की सर्व्हरला दिसणारी प्रत्येक ड्राइव्ह ते कुलूपबंद करतं, बॅकअपची डिस्कसुद्धा.

४. दारं बंद करा

मालकांना गंगापूर रोडच्या घरून स्टॉक बघायचा असतो, म्हणून कुणीतरी राउटरवर १४३३ पोर्ट थेट उघडून देतं. असं पोर्ट सापडलं तर त्याच दिवशी बंद करा आणि व्हीपीएन लावून द्या. इंटरनेटवर उघड्या पोर्टवर पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात.

सॉफ्टवेअर 'एसए', 'रूट' किंवा 'पोस्टग्रेस' या सर्वाधिकारी युजरने जोडलेलं असेल तर वेगळा युजर बनवा आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. पोस्टग्रेसच्या पीजी एचबीए फाइलमध्ये 'ट्रस्ट' लिहिलेल्या ओळी शोधा. तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन द्या. एकच पासवर्ड सहा जण वापरत असतील तर कुणी काय बदललं हे कधीच कळणार नाही. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद व्हावं, हे एचआरशी बोलून ठरवून टाका.

टेस्टिंगसाठी सॉफ्टवेअरवाल्याला डेटा द्यायचा असेल तर नावं, मोबाइल, आधार क्रमांक बदलून द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण कायदा नसता तरी लोकांची माहिती अशी पेन ड्राइव्हवर फिरू देणं मला मान्य नाही.

५. चालू डेटात बदल करताना

ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. 'अपडेट' किंवा 'डिलीट' लिहिण्याआधी त्याच 'व्हेअर' अटीने 'सिलेक्ट' चालवा आणि किती ओळी येतात ते बघा. मग 'बिगिन', मग बदल. बदललेल्या ओळींचा आकडा आधीच्या आकड्याशी जुळला तर 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक'. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट सुरू असतो, म्हणून 'बिगिन' विसरलात तर परतीचा रस्ता नाही. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये 'आल्टर टेबल'सारखी आज्ञा मधेच चालवली तर आधीचे बदल आपोआप कमिट होतात. पोस्टग्रेसमध्ये तसं होत नाही, तिथे टेबलाची रचना बदलणंही रोलबॅक करता येतं.

आणखी एक सापळा. क्वेरी कशी चालते ते बघायला 'एक्सप्लेन ॲनालाइझ' वापरतात, पण ते क्वेरी खरोखर चालवतं. 'डिलीट'च्या पुढे ते लावलंत तर ओळी जातात. नुसतं 'एक्सप्लेन' वापरा, किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करा.

आणि अकाउंट्समधून एक विनंती येणारच: "दादा, त्या बिलाची तारीख जरा मागून बदलून दे ना." नम्रपणे नाही म्हणा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. तुम्ही थेट टेबलात बदल केलात तर तो ट्रेलमध्ये दिसत नाही, आणि ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरूनच होऊ द्या.

६. "सर्व्हर स्लो चाललाय"

पहिला प्रश्न विचारा: सगळ्यांचंच स्लो आहे की एकाच स्क्रीनचं? अचानक सगळंच थांबलं असेल तर बहुतेक वेळा ते लॉक असतात, म्हणजे एकाचा बदल पूर्ण होईपर्यंत बाकीचे अडलेले असतात. कुणीतरी टूलमध्ये 'बिगिन' केलेलं असतं, चार ओळी बदललेल्या असतात आणि कमिट न करता जेवायला गेलेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये अशी जोडणी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी दिसते. कोण कुणाला अडवतंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन सांगतं. आधी त्या माणसाला फोन करा. तो भेटत नसेल तरच जोडणी तोडा. तोडली की त्याचे कमिट न झालेले बदल जातात, हे त्याला नंतर आठवणीने कळवा. पुढच्यासाठी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' लावून ठेवा.

दिवसा 'आल्टर टेबल' चालवताना याहून छुपा प्रकार घडतो. एक लांबलचक रिपोर्ट टेबल वाचत असतो, तुमचा 'आल्टर' त्याच्या मागे थांबतो, आणि तुमच्या मागे आलेली प्रत्येक साधी 'सिलेक्ट'सुद्धा रांगेत अडकते. काही सेकंदांचं काम असूनही अख्खी कंपनी थांबते. म्हणून आधी 'लॉक टाइमआउट' दोन-तीन सेकंदांचा ठेवा. जमलं नाही तर आज्ञा आपोआप मागे फिरेल, पुन्हा प्रयत्न करा. मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) बनवताना 'कॉन्करंटली' वापरा, म्हणजे तोवर नोंदी लिहिणं थांबत नाही. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मधे फसलं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. तो शोधून काढून टाकावा लागतो.

एकच स्क्रीन स्लो असेल तर क्वेरी शोधा. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन सुरू करा आणि एकूण वेळ सर्वात जास्त खाणाऱ्या पहिल्या दहा क्वेरी काढा. दोन मिलिसेकंदांची पण दिवसात दहा लाख वेळा चालणारी क्वेरी ही महिन्यातून एकदा अर्धा तास घेणाऱ्या रिपोर्टपेक्षा महत्त्वाची असू शकते. मग 'एक्सप्लेन' बघा. बिलाच्या तारखेतून वर्ष काढणारं फंक्शन 'व्हेअर'मध्ये लावलेलं असेल तर तारखेवरचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. त्याऐवजी १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत अशी अट लिहा. फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर स्वतःहून इंडेक्स करत नाहीत. मुख्य टेबलातली एक ओळ काढायला मिनिटं लागत असतील तर पहिली शंका तिथे घ्या. मात्र दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकत सुटू नका, प्रत्येक इंडेक्स नवी नोंद लिहिताना वेळ खातो.

मेमरीबद्दल थोडक्यात. पोस्टग्रेसचं 'शेअर्ड बफर्स' मुळात १२८ एमबी असतं. फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनवर एकूण रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा. 'वर्क मेम' मात्र जपून वाढवा, कारण ती प्रत्येक जोडणीच्या प्रत्येक सॉर्टला वेगळी मिळते. जोडण्यांची मर्यादा मुळात १०० असते. ती पाचशेवर नेण्याऐवजी पीजी बाउन्सरसारखा पूलर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून वापरणारा प्रोग्रॅम) लावणं बरं.

७. मराठी मजकूर: आपल्याकडचं खास काम

हा भाग परक्या भाषेतल्या पुस्तकांत सापडत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर पावलोपावली लागतो.

समजा सभासदाचं आडनाव 'बोऱ्हाडे' आहे. पडद्यावर ते एकच दिसतं, पण डेटाबेसमध्ये तीन तऱ्हेने असू शकतं. एका कीबोर्डने ऱ हे एकच अक्षर टाकलं. दुसऱ्याने साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन कोड टाकले. तिसऱ्याने र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, असं मिळून तेच अर्धं रूप बनवलं. शाखेत एकाने पहिल्या पद्धतीने नोंद केली आणि दुसऱ्याने तिसऱ्या पद्धतीने शोधलं, तर "असा सभासद नाही" असं उत्तर येतं आणि त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जातं. 'ॲड.' या उपाधीचंही तसंच: ॲ एका कोडचा, किंवा अ, जोडक आणि चंद्र असा मिळून, किंवा हिंदी कीबोर्डवरचा ऍ.

उपाय दोन टप्प्यांत करा. पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे. ते पहिली दोन रूपं एक करतं. जोडकवालं रूप त्याने सुटत नाही, ते 'रिप्लेस'ने ठरवून बदलावं लागतं. हे साफ करणं नोंद सेव्ह होतानाच व्हावं, आणि शोधताना आलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया चालावी.

आता त्याच आडनावाची लांबी बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. 'बोऱ्हाडे' पहिल्या पद्धतीने आठ कोड, म्हणजे २४ बाइट. तिसऱ्या पद्धतीने नऊ कोड, २७ बाइट. ओरॅकलमध्ये 'व्हारचार२' ची लांबी मुळात बाइटमध्ये धरतात. कॉलम २५ चा असेल तर एकाने टाइप केलेलं आडनाव बसतं आणि दुसऱ्याने टाइप केलेलं तेच आडनाव एरर देतं. टेबल बनवताना लांबीपुढे 'चार' लिहा, म्हणजे मोजणी अक्षरकोडांत होते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठीसाठी 'एनव्हारचार' वापरा आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराआधी 'एन' हे अक्षर लावा. ते राहिलं की सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि मूळ नावं परत मिळत नाहीत. मायएसक्यूएलमधला जुना 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातो. मराठी त्यात बसते, पण व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या पत्त्यात एखादी इमोजी आली की नोंद अडते. 'यूटीएफ८एमबी४' घ्या, आणि जोडणीचा कॅरेक्टर सेटही तोच आहे ना ते बघा.

नावांची यादी अकारविल्हे हवी असते तेव्हा ळ चा प्रश्न येतो. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, पुढे क्ष आणि ज्ञ. पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) लावलं की क्रम आपल्यासारखा लागतो.

जुन्या कार्यालयांतला डेटा श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर तो खरं म्हणजे मराठी नाहीच, इंग्रजी कोडांवर मराठी चित्रं बसवलेली आहेत. तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि जोडाक्षरं व रफार नेमके बिघडतात. शे-दोनशे नावं छापून ती लोकं ओळखणाऱ्या जुन्या क्लार्ककडून तपासून घ्या.

८. वेळ आणि पैसे

क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दूध संकलन केंद्रावर पहाटे पाचला आलेलं दूध मग आदल्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये पडतं, आणि अंबडच्या रात्रपाळीचं उत्पादन दोन तारखांत भलत्याच ठिकाणी तुटतं. वेळ टाइमझोनसकट साठवा आणि रिपोर्ट काढताना 'एशिया/कोलकाता' लावून तारीख काढा.

पैशांच्या कॉलमला 'फ्लोट' कधीही नको, 'न्यूमरिक' किंवा 'डेसिमल' घ्या. व्याजाच्या बेरजेत पैशांचा फरक येऊ लागला की मूळ शोधायला फार वेळ जातो.

९. डिस्क आणि वीज

डिस्क ८० टक्के भरली की सूचना यावी अशी सोय आजच करा. पोस्टग्रेसच्या पीजी वॉल फोल्डरमधल्या फाइल जागा करण्यासाठी हाताने काढू नका. जुन्या आवृत्त्यांत त्याच्या नावात 'लॉग' दिसतं, तरी तोच डेटाबेसचा कणा आहे. तिथे गर्दी झाली असेल तर अर्काइव्ह अडकलं आहे का, किंवा बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉट (तिच्यासाठी फाइल राखून ठेवणारी नोंद) तसाच राहिला आहे का, ते बघा. ऑटोव्हॅक्यूम (जुन्या, निरुपयोगी ओळींची आपोआप होणारी सफाई) बंद करून वेग मिळवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 'एफसिंक' (बदल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री) बंद करण्याचाही नको: वळवाच्या पावसात वीज गेली की डेटाबेस पुन्हा उभा राहीलच असं नाही. यूपीएस असेल तर बॅटरी संपत आल्यावर तो सर्व्हरला नीट बंद करतो का, हे एका रविवारी प्लग काढून तपासा.

लिनक्सची मोठी आवृत्ती बदलताना, म्हणजे सेंटओएस ७ वरून ८ च्या पिढीवर जाताना, अक्षरांच्या क्रमाचे आतले नियम बदलले आहेत. डेटा फोल्डर तसंच्या तसं नेलं असेल तर मजकुरावरचे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा, नाहीतर असलेली नोंदही सापडेनाशी होते.

१०. कॅलेंडर भिंतीवर लावा

मेंटेनन्सची तारीख ठरवताना पगाराचा आठवडा, जीएसटीचे ११ आणि २० तारखेचे रिटर्न आणि मार्च एंड टाळा. द्राक्ष निर्यातदाराकडे जानेवारी ते एप्रिल मोठा बदल करूच नका, कंटेनर तुमच्यासाठी थांबत नाही.

त्याच कॅलेंडरवर कायद्याच्या गोष्टीही लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. म्हणून डिस्क साफ करताना लॉग उडवू नका, दुसरीकडे हलवा. कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. क्लाउड घेताना कोणत्या शहरातलं डेटा सेंटर ते विचारून घ्या.

११. रात्री फोन आला तर

एक पानाची चिठ्ठी छापून ठेवा, सर्व्हरच्या कपाटावर आणि घरीही. तिच्यात हा क्रम असू द्या:

१) फोन आल्याची वेळ लिहा. समोरच्याला एररचा फोटो पाठवायला सांगा, "चालत नाही" एवढ्यावर काही करू नका.
२) सर्व्हर चालू आहे का, डिस्क भरली आहे का, डेटाबेसच्या लॉगमधल्या शेवटच्या पन्नास ओळी काय सांगतात, याच क्रमाने बघा.
३) लॉग वाचण्याआधी रीस्टार्ट करू नका.
४) डेटा बिघडल्याची शंका असेल तर डेटाबेस थांबवून आहे त्या स्थितीची पूर्ण प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. दुरुस्ती त्यानंतर.
५) कोणत्याही आज्ञेआधी तुम्ही कोणत्या सर्व्हरवर आहात ते वाचा. मूळ सर्व्हरच्या टर्मिनलचा रंग लाल आणि टेस्टचा हिरवा करून ठेवा.
६) दर अर्ध्या तासाने मालकांना एक ओळीचा निरोप द्या, काही नवं नसलं तरी.
७) चालवलेली प्रत्येक आज्ञा वेळेसकट फाइलमध्ये उतरवा.
८) रिस्टोअरचा निर्णय कोण घेणार त्याचं नाव आणि फोन, आणि तो उचलला नाही तर दुसऱ्या कुणाचा, हे चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं असू द्या.